सरकत्या वजनातलं शिसं

३ मार्च, रविवार

प्रिय मैना,

आशीर्वाद. मी ठीक आहे, तुम्ही दोघंही ठीक असाल. तुझ्या भाषणाच्या कार्यक्रमाचं निमंत्रण परवा पोचलं. इतक्या जाड कागदावर मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. 'विशेष उपस्थिती : मातोश्री' हे वाचून आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचं टपाल चुकून आलंय.

फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर मी वाक्य सुरू करते आणि तू ते पूर्ण करतेस. कागदावर तुला मधे बोलता येत नाही.

इकडचं विशेष काही नाही. गुडघे आहेत तिथेच आहेत. चष्म्याचा नंबर वाढला. कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याने दुकान विकलं. नवा मालक पुस्तक उघडूनही बघत नाही, थेट गठ्ठ्यात बांधतो. जुना बरा होता. बाबा त्याचा वजनकाटा फुकट दुरुस्त करून द्यायचे आणि त्याबदल्यात मी ढिगातून हवं ते पुस्तक उचलायची. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला त्या ढिगानेच वाचायला लावलं. पुष्कळदा शेवटची पानं नसायची. मला त्याचं काही वाटायचं नाही. माझी शाळा तरी कुठे शेवटपर्यंत झाली होती!

अंतर्मनाचं ते पिवळं पुस्तकही तिथलंच. तू बारा वर्षांची होतीस. तोंडातून शब्द निघायचा नाही, पहिल्याच अक्षरावर गाडी अडायची. बाबा म्हणायचे, "आमची मैना आहे, फक्त बोलत नाही एवढंच." मी ते पुस्तक वाचलं आणि तुला रोज सकाळी वहीत एकवीस वेळा लिहायला लावलं, 'मी न अडखळता बोलते.' बोलेन नाही, बोलते. डोळे मिटून वर्गात उभी राहिलेली तू, हे चित्र बघायला लावलं. चार महिन्यांनी तू दुधवाल्याशी भांडलीस, एका दमात. मी ओट्याशी उभी राहून रडले होते. त्यामुळे या गोष्टीत काही अर्थच नाही, असं मी कधी म्हणणार नाही. म्हणण्याचा अधिकारही मला नाही.

आता तू मागितलेल्या दोन गोष्टींबद्दल. बाबांची वही नेमकी कुठे ठेवलीय ते आठवत नाही. ट्रंकेत असेल. ट्रंकेवर गाद्या आहेत. आणि तो उभं राहायचा काटा चाळीस किलोंचा, तीन जिने उतरवायचा. कशाला त्रास? मंचावर काटा ठेवून काय करणार? लोक तुला ऐकायला येतात.

माझ्या येण्याचंही अवघड दिसतंय. गुडघे.

एक राहिलं. खालच्या बेकरीवाल्याने मला त्याच्या फोनवर तुझं भाषण दाखवलं. "काकू, चारशे माणसं रडतायत!" म्हणाला. तू खरंच छान बोलतेस. कुठे अडखळली नाहीस. बाबांच्या पोटात गाठ निघाली, त्यांनी एकवीस दिवस रोज लिहिलं, वजन दोन किलोंनी वाढलं, सगळे थक्क झाले, हे सांगितलंस. मग थांबलीस, पाणी प्यायलीस, आणि म्हणालीस, "पण माझ्या बाबांच्या मनात शंका आली. गाठीने नाही, शंकेने त्यांना नेलं."

ते शंकेचं सांगायलाच हवं का गं?

बेकरीवाल्याला मी त्याचा फोन परत दिला. तो म्हणाला, "मीही रोज पहाटे म्हणतो, पाव भाजले, पाव भाजले. पण काकू, भट्टी पेटवल्याशिवाय एकदाही भाजले नाहीत."

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी आई


१५ मार्च, शुक्रवार

मैना,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी. 'आई, नकारात्मक सूर नको. गुरुवारी माणसं येतील, वही आणि काटा त्यांच्याकडे दे.' दोन ओळींत तू किती मावतेस.

माणसं काल आली. दोघं होती, दोरखंड आणि हातगाडी घेऊन. चांगली होती बिचारी, चप्पल बाहेर काढली. मी म्हटलं, काटा जागचा हलणार नाही. त्यातला पिळदार दंडांचा म्हणाला, "काकू, मॅडम रागावतील." मी म्हटलं, "तुमच्या मॅडमला मी नऊ महिने पोटात वागवलंय, मला तिच्या रागाचं वजन माहीत आहे." तो हसला आणि मी चहा ठेवायला आत वळले तर गंमत म्हणून काट्यावर उभा राहिला. दांडीवरचं वजन सरकवत सरकवत नेलं आणि ओरडलाच.

"पंच्याऐंशी? अरे, मी कालच जिममध्ये बघितलं. ऐंशीच्या वर एक ग्रॅम नाही!"

दुसरा म्हणाला, "काल जेवला नसशील."

"जेवून कुणी पाच किलो वाढतं का? काकू, हा काटा खोटं बोलतोय."

मैना, या घरात असं वाक्य कधी कुणी उच्चारलं नव्हतं. बत्तीस वर्षं गावभरच्या दुकानांतले काटे बाबांच्या हाताखालून गेले. खाटीक, सोनार, टपाल कार्यालय. पारड्याखाली मेण लावून चिकटवलेले तुकडे त्यांनी बोटांनी चाचपून काढले. त्याबद्दल शिव्या खाल्ल्या, एकदा मारही खाल्ला. घरी आले की मला सांगायचे, आज कुणी कशी लबाडी केली होती. दुरुस्ती झाली की पावतीएवढ्या चिठ्ठीवर तीन ओळी लिहून काट्याला बांधायचे : बिघाड, कारण, दुरुस्ती. त्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर तू गणितं सोडवलीस. आणि त्यांच्या स्वतःच्या काट्यावर, त्यांच्याच खोलीत, एक परका माणूस उभा राहून म्हणतो, हा खोटं बोलतोय.

मी म्हटलं, "उतर खाली." बहुतेक जोरात म्हटलं असेन. दोघं चहा न घेता गेले. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनी काही केलं नाही.

वहीबद्दल मी तुझ्याशी खोटं बोलले. ती ट्रंकेत नाही. माझ्या उशाशी आहे, तीन वर्षं.

आणि तू मला त्या शंकेबद्दल काहीच उत्तर दिलं नाहीस, म्हणून पुन्हा लिहिते. शेवटच्या आठवड्यात तू त्यांच्या पलंगाशी बसून विचारलंस, "बाबा, खरं सांगा, मनात शंका आली होती ना?" ते बराच वेळ छताकडे बघत होते. मग म्हणाले, "आली होती गं. माझंच चुकलं." तू त्यांचा हात थोपटलास. माफ केल्यासारखा. मी दारात औषधाचा चमचा घेऊन उभी होते.

माणूस मरताना पोटच्या पोरीची माफी मागून गेला. कशाबद्दल? तर मरण्याबद्दल. तू ते ऐकलंस आणि त्याचं भाषण केलंस. मी ते ऐकलं आणि गप्प बसले. दोघींपैकी जास्त वाईट कोण, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. ठरवायला घेतलं की एका ठिकाणी येऊन थांबते. आजही थांबते.

आई


२१ मार्च, गुरुवार

मैना,

बाकी काही न विचारता हे पत्र शेवटपर्यंत वाच. तुझा फोन तीनदा वाजला, मी उचलला नाही. हे तोंडाने सांगायला गेले तर मीच अडखळेन.

ते दिवस आठव. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. गाठ लहान आहे, लवकर काढू, वजन घटू देऊ नका, असं म्हणाले होते. बाबा घाबरले होते. टाक्यांना घाबरणारा माणूस तो. तू आलीस आणि म्हणालीस, "तारखेपर्यंत एकवीस दिवस आहेत. अंतर्मनाला संधी देऊन बघू. रोज लिहायचं, रोज वजन करायचं. शरीर स्वतः साक्ष देईल. वजन वाढलं तर तारीख पुढे ढकलू, घटलं तर मी स्वतः तुम्हाला दवाखान्यात नेईन." हे तू बोलली होतीस. म्हणजे तू आंधळी नव्हतीस. तू माप मागितलं होतंस. बाबांना ते फार आवडलं. म्हणाले, "पोरगी माझीच आहे."

तू परत गेलीस. ते रोज सकाळी वहीत लिहायचे, 'मी पूर्ण बरा आहे.' एकवीस वेळा. अक्षर बघ, एकही ओळ तिरकी नाही. मग काट्यावर उभे राहायचे. पहिल्या दिवशी बासष्ट. पाचव्या दिवशी एकसष्ट चारशे. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला म्हणाले, "मन ऐकत नाही वाटतं." आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. भर दुपारी, कामाच्या दिवशी. मी त्यांना असं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मी पिवळं पुस्तक पुन्हा काढलं. त्यात एक पान होतं, मी त्यावर तुझ्या वेळी खूण केली होती. अंतर्मन डोळ्यांवर विश्वास ठेवतं. जे दिसतं ते खरं धरून शरीराला तसं वळण लावतं. मला वाटलं, एवढंच तर हवंय. त्यांना एकदा आकडा वर गेलेला दिसला की आतलं मन ते खरं मानेल, आणि मग आकडा आपोआपच खरा होईल. तुझं बोलणं नाही का असंच खरं झालं?

काट्याच्या दांडीवर जे सरकतं वजन असतं, त्याच्या पोटात एक भोक असतं. त्यात शिसं ठासलेलं असतं. त्यातलं थोडं कोरून काढलं की काटा रिकामा असताना शून्यच दाखवतो, कुणाला संशय येत नाही. पण वर माल ठेवला की जास्त भरतो. गिऱ्हाइकांना धान्यवाले याच युक्तीने फसवायचे आणि धान्यवाल्यांना आणखी कुणी. बाबांनीच मला दाखवलं होतं. हे बघ, लबाडीत ही सगळ्यात हुशार, म्हणाले होते.

सहाव्या दिवशी ते आंघोळीला गेले असताना मी त्यांचाच टोच्या घेऊन ते शिसं कोरलं. मग दहाव्या दिवशी. मग सोळाव्या. हळूहळू, एकदम आकडा वाढला तर कळलं असतं म्हणून. बघ, किती डोकं चालवलं चौथीत शाळा सुटलेल्या तुझ्या आईने.

आकडा चढत गेला. बाबा पुन्हा हसायला लागले. एकविसाव्या दिवशी काट्याने चौसष्ट दाखवले. मी तुला फोन केला. तुझी किंकाळी अजून माझ्या कानात आहे. तू डॉक्टरांना कळवलंस, तारीख पुढे ढकललीस. डॉक्टर खूप बोलले, तेही तू मला सांगितलंस, हसत हसत. "आई, त्यांना आकडा पटत नाही!"

तेव्हा सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. फोन माझ्या हातात होता. पण बाबा बाजूला उभे होते, तू पलीकडे रडत होतीस आनंदाने, आणि मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं की चौसष्ट खरेच आहेत, फक्त थोडे आधी आलेत.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी उघडून बघायलाही नकार दिला.

आता ते सांगते, ज्याच्यापाशी येऊन मी थांबत होते.

अकराव्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. बाहेरच्या खोलीतून आवाज आला. धप्प. मग थोड्या वेळाने पुन्हा, धप्प. तो आवाज मी बत्तीस वर्षं ऐकलेला. शिक्का मारलेली दहा-दहा किलोंची वजनं बाबा काट्यावर ठेवत होते. डॉक्टरांनी त्यांना भरलेली बादलीसुद्धा उचलू नका सांगितलं होतं. दोन वजनं वर ठेवायला त्यांना इतका वेळ लागला की माझी भाजी चिरून झाली. मी उठले नाही. सुरी हातात धरून बसून राहिले. मला कळलं होतं की त्यांना कळलंय.

ते आत आले, घाम पुसला, माझ्यासमोर पाटावर बसले. म्हणाले, "काटा तपासला. बरोबर आहे."

आयुष्यात ते काट्याबद्दल एकदाच खोटं बोलले. माझ्याशी. मला वाचवायला.

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "चहा टाकू?"

पुढचे दहा दिवस आम्ही दोघं एकमेकांसमोर आनंदी होतो. ते काट्यावर उभे राहायचे, मी आकडा मोठ्याने वाचायची, ते "वा" म्हणायचे. मी सोळाव्या दिवशी पुन्हा शिसं कोरलं, त्यांना माहीत आहे हे माहीत असताना. मला एवढंच कळतं की तेव्हा थांबले असते तर मी काय केलं हे कबूल करावं लागलं असतं, आणि कोरत राहिले तर नाही.

ते का गप्प राहिले? टाक्यांची भीती होती म्हणून? मी उघडी पडेन म्हणून? की ज्या दोन बायांनी त्यांना बरं करायचं ठरवलंच होतं, त्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून? मी हे त्यांना विचारू शकले असते. दोन महिने होते माझ्याकडे.

वही सोबत पाठवतेय. पुढून उघडलीस तर तुझं वाक्य आहे, 'मी पूर्ण बरा आहे', चारशे एक्केचाळीस वेळा. मंचावर ठेवायला तेवढं छान दिसेल. पण ती उलटी कर आणि मागून उघड. मलाही ही पानं ते गेल्यावर तेराव्या की चौदाव्या दिवशी सापडली. अकराव्या दिवसापासून त्यांनी दोन रकाने आखलेत. 'दाखवतो' आणि 'खरं'. शेवटची ओळ एकविसाव्या दिवसाची आहे. दाखवतो चौसष्ट. खरं साठ दोनशे. दोन किलो वाढले नव्हते मैना, जवळपास दोन किलो घटले होते, आणि त्या सगळ्या घरात ते फक्त त्यांना माहीत होतं. एका हाताने तुझं वाक्य लिहीत होते आणि दुसऱ्या बाजूने माप. खोटा आकडा त्यांच्या हातून लिहिलाच जाईना.

त्याखाली त्यांनी नेहमीच्या तीन ओळी लिहिल्यात, काट्याला बांधायच्या चिठ्ठीसारख्या.

बिघाड : सरकत्या वजनात शिसं कमी.
कारण : घरगुती.
दुरुस्ती : नको.

आता सांग, शंका कुठे आहे यात? त्यांना शंका आलीच नव्हती. त्यांना खात्री होती. तू पलंगाशी बसून विचारलंस तेव्हा ते छताकडे बघत होते, कारण खरं उत्तर दारात चमचा घेऊन उभं होतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, तुझ्या हाती शंका दिली. आणि ती घेऊन तू गावोगाव हिंडतेस.

शिसं मी काढलं. तारीख माझ्यामुळे पुढे गेली. हे मी कुणासमोरही सांगेन, तुझ्या चारशे माणसांसमोरही. पण मेलेल्या बापाला नापास करून दाखवायचं, तेही माईकवर, ही अक्कल तुझी स्वतःची. ती मी तुला कुठल्याही पुस्तकातून शिकवली नव्हती.

पुस्तकाचं आठवलं म्हणून. आपल्या पिवळ्या पुस्तकाची शेवटची पानं नव्हती ना? गेल्या वर्षी वाचनालयात मला ते अख्खं मिळालं. वाटलं, तिथे काहीतरी लिहिलं असेल. हे कुठवर वापरायचं, कुठे थांबायचं, काही एक ओळ तरी. काही नव्हतं. वाचकांची आभाराची पत्रं होती. कुणाची नोकरी, कुणाचं घर, कुणाची कंबर. सगळ्यांना गुण आलेला. जे गेले त्यांनी पत्रं लिहिली नाहीत.

म्हणून हे मी लिहिलं.

वहीबरोबर एक आगपेटी आहे. उघडताना सांभाळ, आत शिशाचा कीस आहे. तीन वेळचा. सगळा नाही, कारण काल मी बेकरीवाल्याला वर बोलावलं. सरकत्या वजनात लागेल तेवढं शिसं परत ठासलं, त्याने दहा-दहाची वजनं उचलून ठेवली, मी दांडी बघितली. चार वेळा केलं. उरलं ते पाठवतेय. वीस किलोला वीस दाखवतो आता. बेकरीवाल्याला स्वतःचं वजन बघून वाईट वाटलं. म्हणाला, "काकू, आधीचाच बरा असेल." त्याला मी सांगितलं नाही की आधीचा त्याहून जास्त दाखवायचा.

तू आलीस तर काटा घेऊन जा. तुझा आहे. मंचावर ठेव हवं तर. मी शेजारी उभी राहीन, गुडघ्यांचं बघते. तिथे मला दोन वाक्यं बोलू दे. मधे बोलू नकोस. त्यानंतर तुला ऐकायला किती लोक येतील ते मला माहीत नाही. कदाचित कुणी येणार नाही. पण तुझा बाप त्या शंकेतून सुटेल.

नाही आलीस तरी काटा बरोबरच राहील. रोज सकाळी मी तपासेन. वजनं मला उचलत नाहीत, म्हणून मीच उभी राहीन. आज भरलं त्रेपन्न आठशे. गेल्या महिन्यात दवाखान्यातही तेवढंच भरलं होतं.

माफ कर असं लिहायला तीनदा पेन टेकवलं. ते मी त्यांच्याकडे मागायचं होतं. तुझ्याकडे मागून ते फिटणार नाही.

बिघाड : वर लिहिलाय.
कारण : घरगुती.
दुरुस्तीची ओळ कोरी ठेवली आहे.

काटा बिघडवणारी,
तुझी आई